बँड उमटला, पण कुणाचा?

मेंदूच्या पातळ कापात चेतापेशी कोणत्या आणि त्यांच्या भोवतीच्या आधारपेशी कोणत्या, हे ओळखायला जगभरच्या प्रयोगशाळा ए-६० नावाचं एक प्रतिपिंड वापरतात. १९९२ साली मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून ते मिळवलं. ते चेतापेशींच्या केंद्रकांना चिकटायचं, बाकीच्या पेशींकडे फिरकायचं नाही. ते ज्याला चिकटतं त्या अनोळखी प्रथिनाचं नाव ठेवलं गेलं ‘न्यू-एन’. पक्षाघात, अपस्मार, अल्झायमर अशा कितीतरी आजारांत किती चेतापेशी मेल्या आणि किती उरल्या, याच्या मोजण्या या एका खुणेवर झाल्या. ती खूण म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, हे मात्र १७ वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

२००९ मध्ये किम, ॲडलस्टीन आणि कावामोतो यांनी ते प्रथिन फॉक्स-३ असल्याचं दाखवलं. त्यासाठी त्यांनी पाच वेगवेगळे, एकमेकांवर न विसंबणारे पुरावे दिले, आणि त्या निबंधातली हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केल्यावर ए-६० ज्या पट्ट्याला, म्हणजे बँडला, धरतं तो वस्तुमान-वर्णपटाने तपासला, तर त्यात फॉक्स-३ निघालं. फॉक्स-३ साठी स्वतंत्रपणे बनवलेल्या प्रतिपिंडांनी कापावर तसंच चित्र उमटवलं. पेशीतला फॉक्स-३ चा संदेश दाबून टाकला, तर न्यू-एनही ओसरलं. आणि प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेलं फॉक्स-३ समोर ठेवलं, तर ए-६० त्यालाही चिकटलं. हे मुद्दाम घडवलेलं, ओळख पक्की असलेलं प्रथिन म्हणजे नियंत्रण प्रथिन. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘कंट्रोल’. पाच पुराव्यांतला तो एक. गेल्या चाळीस वर्षांत चेताविज्ञानाची प्रतिपिंडांनी जी फसगत केली, तिचं मूळ बहुतेक वेळा या एका पुराव्यावर थांबण्यात, किंवा तोही न मागण्यात सापडतं.

प्रतिपिंड अख्खं प्रथिन ओळखत नाही. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा जेमतेम काही अमिनो आम्लांचा तुकडा ते ओळखतं. पाकिटावर नुसतं ‘पाटील’ लिहिलेलं असावं आणि पोस्टमनने त्यावरून घर शोधावं, तसा हा प्रकार आहे. गावात एकच पाटील असेल तर पत्र बरोबर पोचतं. मेंदू हे फार मोठं गाव आहे, आणि त्यात भावकीही मोठी. पोटॅशियम वाहिन्यांची, ग्लुटामेट ग्राहींची, सिन्युक्लिनांची अशी घराणीच्या घराणी तिथे नांदतात आणि त्यांच्या रचनेतले तुकडे एकमेकांशी जुळतात. त्यात संख्येचाही प्रश्न आहे. एखाद्या ग्राहीचे रेणू चेतापेशीत मोजके असतात, तर ट्युब्युलिन किंवा न्यूरोफिलामेंटसारखी सांगाड्याची प्रथिनं ठासून भरलेली. परक्या प्रथिनाची ओढ खऱ्यापेक्षा शंभरपट कमी असली, पण ते परकं प्रथिन हजारपट जास्त असलं, तर वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं उतरवून प्रतिपिंडाने तपासलेल्या पडद्यावर, परकाच ठळक उमटतो. नवशिक्या विद्यार्थ्याला तो ठळक बँड पाहून आनंद होतो. अनुभवी माणूस आधी विचारतो, शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे जेलच्या शेजारच्या रांगेत, काय घातलं होतं?

शेजारच्या लेनचं महत्त्व ज्याने सर्वांत महाग शिकवलं, तो प्रसंग अल्झायमर आजाराच्या इतिहासातलाच आहे.

ॲलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या मेंदूत चेतापेशींच्या आत गुंतवळासारखे तंतू साचले होते. हे गुंतवळ कशाचे, याचं उत्तर सत्तर-पंचाहत्तर वर्षं मिळत नव्हतं, कारण ते सहजासहजी विरघळत नाहीत आणि न विरघळणाऱ्या वस्तूचं रासायनिक पृथक्करण करणं अवघड. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडं बनवण्याची युक्ती शोधली आणि एक नवी वाट उघडली. गुंतवळ विरघळवता येत नसेल, तर निदान कोणतं प्रतिपिंड त्याला चिकटतं ते तरी पाहू. १९८२ मध्ये अँडरटन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की न्यूरोफिलामेंटसाठी बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडं अल्झायमरच्या गुंतवळांना रंगवतात. पुढे स्टर्नबर्गर दांपत्याच्या प्रसिद्ध प्रतिपिंडांनीही तेच चित्र दिलं. निष्कर्ष स्वाभाविक वाटला: गुंतवळ म्हणजे बिघडलेलं न्यूरोफिलामेंट.

हा निष्कर्ष काढणाऱ्यांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्याकडे नियंत्रण प्रथिन होतं. शुद्ध न्यूरोफिलामेंट समोर ठेवलं की प्रतिपिंड त्याला नेमकं चिकटत होतं, योग्य वजनाच्या जागी बँड देत होतं. प्रतिपिंड मोनोक्लोनल होतं, एकाच साच्याचं. आणखी काय हवं? हवं होतं ते दुसरं एक प्रथिन, ज्याचा तेव्हा कुणाला संशय नव्हता.

ते प्रथिन म्हणजे टाऊ. १९७५ मध्ये मार्क कर्शनर यांच्या गटाला ते सूक्ष्मनलिकांना चिकटून राहणारं प्रथिन म्हणून सापडलं होतं. अल्झायमरशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता. १९८५-८६ मध्ये ब्रियों आणि ग्रुंडके-इक्बाल यांच्या गटांनी गुंतवळात टाऊ असल्याचं दाखवलं. मग १९८७ मध्ये नुकिना, कोसिक आणि सेल्को यांनी, आणि त्याच वर्षी क्शेंझाक-रेडिंग, येन आणि सहकाऱ्यांनी, तीच जुनी न्यूरोफिलामेंट-प्रतिपिंडं घेतली आणि त्यांच्यासमोर टाऊ ठेवलं. प्रतिपिंडं टाऊला चिकटली. कारणही उलगडलं. न्यूरोफिलामेंटच्या मोठ्या दोन भावंडांच्या शेपटीत लायसिन-सेरिन-प्रोलिन हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येतं आणि त्यातल्या सेरिनवर फॉस्फेट बसलेलं असतं. अशी लायसिन-सेरिन-प्रोलिनची जागा टाऊमध्येही आहे. प्रतिपिंड ओळखत होतं ते हे फॉस्फेट बसलेलं त्रिकूट. ते कुणाच्या अंगावर आहे याची त्याला फिकीर नव्हती. फॉस्फेट काढून टाकलं की टाऊवरची ही खोटी ओळख पुसली जात होती. म्हणजे प्रतिपिंड चुकत नव्हतं. प्रश्न विचारताना माणसं एका उमेदवाराला समोर उभं करून ओळखपरेड उरकत होती.

या पाच वर्षांच्या चकव्यातून नियंत्रण प्रथिनाबद्दल जे कळतं ते सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. शुद्ध प्रथिन समोर ठेवून प्रतिपिंड त्याला चिकटलं, तर एवढंच ठरतं की ते त्याला चिकटू शकतं. मेंदूत ते त्यालाच चिकटलं, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी परेडमध्ये इतरही उभे करावे लागतात, आणि ज्याच्यावर संशय आहे तो जागेवर नसताना काय होतं, तेही पाहावं लागतं.

आता हे प्रथिन येतं कुठून, ते पाहू. सर्वांत स्वस्त वाट जिवाणूची. हव्या त्या प्रथिनाचा जनुक प्लास्मिडमध्ये बसवायचा, तो ई. कोलाय जिवाणूत घालायचा, जिवाणू वाढवून प्रथिन तयार करून घ्यायचं आणि स्तंभातून गाळून शुद्ध करायचं. गाळणं सोपं जावं म्हणून प्रथिनाला एक शेपूट जोडतात. कधी सहा हिस्टिडिनची, कधी जीएसटी नावाचं सुमारे २६ किलोडाल्टनचं दुसरं प्रथिनच. ही शेपूट पुढे घात करू शकते. मी एकदा वाहिनीच्या एका तुकड्यावरचं सशाचं सीरम तपासत होतो. तुकड्याला जीएसटी जोडून तो सशाला टोचला होता, आणि तपासणीसाठीही तोच जीएसटीवाला तुकडा प्लेटवर लावला होता. निकाल झकास येत होते. सहा आठवड्यांनी नुसतं जीएसटी प्लेटवर लावून पाहायचं सुचलं, आणि सीरम त्यालाही तितक्याच जोमाने चिकटलं. सशाने बहुतेक प्रतिपिंडं शेपटीविरुद्ध बनवली होती. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या शेपटीसह प्रथिन टोचलं, त्या शेपटीसह ते कधीही तपासायचं नाही, वेगळ्या शेपटीचं किंवा शेपूट कापलेलं घ्यायचं.

जिवाणूत बनलेल्या प्रथिनाचा दुसरा दोष आणखी खोल आहे. ई. कोलाय त्यावर माणसाच्या पेशीसारखी फॉस्फेटं बसवत नाही, साखरेच्या साखळ्या जोडत नाही, आणि पेशीच्या पडद्यात रुतून बसणाऱ्या ग्राहींची नीट घडीही घालू शकत नाही. चेताविज्ञानातली निम्मी प्रतिष्ठित लक्ष्यं नेमकी अशी असतात. म्हणून ग्राही आणि वाहिन्यांसाठी सस्तन प्राण्यांच्या पेशींत जनुक घालून प्रथिन तयार करून घेतात आणि त्या पेशींचा अर्क कंट्रोल म्हणून वापरतात. शेजारी रिकामं प्लास्मिड घातलेल्या पेशींचा अर्क लावलाच पाहिजे. तो नसेल तर पहिल्या अर्काला काही अर्थ राहत नाही. यातही एक खोट आहे. अशा पेशींत हवं ते प्रथिन इतकं भरमसाठ बनतं की सुमार दर्जाचं प्रतिपिंडही त्याला शोधतं. खऱ्या मेंदूत तेच प्रथिन हजार पटीने कमी असेल, तेव्हा ते प्रतिपिंड गप्प बसेल किंवा दुसऱ्याच कुणाला धरेल.

टाऊसाठी आज सहा रूपांची शिडी वापरतात, आणि चांगला कंट्रोल कसा असावा याचा तो उत्तम नमुना आहे. प्रौढ मानवी मेंदूत टाऊची ३५२ ते ४४१ अमिनो आम्लांची सहा रूपं असतात. ती सहाही जिवाणूत बनवून, मिसळून एका लेनमध्ये धावडवतात. टाऊ जेलमध्ये आपल्या खऱ्या वजनापेक्षा बरंच जड असल्यासारखं सरकतं, त्यामुळे नुसत्या वजनाच्या खुणांवर विसंबलं तर गफलत होते. शिडी शेजारी असली की कोणता बँड कोणत्या रूपाचा ते दिसतं. पण मेंदूच्या अर्कातल्या टाऊवर फॉस्फेटं असतात आणि ती त्याला आणखी वर ढकलतात. म्हणून अर्काचा एक हिस्सा आधी फॉस्फेट काढणाऱ्या विकराने धुऊन घ्यावा लागतो, मगच तो शिडीशी जुळतो. फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडांसाठी हाच धुतलेला हिस्सा उलट बाजूचा कंट्रोल ठरतो, कारण तिथे त्यांचा बँड नाहीसा व्हायला हवा. एका नमुन्यातून दोन्ही बाजूंचे पुरावे मिळतात, हे मला फार देखणं वाटतं. उंदरांच्या मेंदूत आणखी एक विघ्न असतं. उंदराचं प्रतिपिंड उंदराच्याच ऊतीवर वापरलं, तर ऊतीतल्या मूळ प्रतिपिंडांची जड साखळी ५० किलोडाल्टनच्या आसपास बँड देते, आणि टाऊही तिथेच घोटाळतं. टाऊचा जनुकच काढून टाकलेल्या उंदराचा मेंदू शेजारी लावला तेव्हा तिथेही बँड दिसला आणि हे उघडकीस आलं.

सिन्युक्लिनची गोष्ट याहून लहान, पण बोधक. पार्किन्सनच्या लेवी पिंडांत साचणारं आल्फा-सिन्युक्लिन १४० अमिनो आम्लांचं. त्याची बीटा आणि गॅमा ही भावंडं शुद्ध स्वरूपात मिळतात, आणि प्रतिपिंड नुसत्या आल्फासाठी आहे असं म्हणायचं तर तिघांनाही शेजारी-शेजारी लावणं ही किमान अट आहे. शिवाय हे प्रथिन इतकं लहान की धुण्याच्या टप्प्यांत ते ब्लॉटच्या पडद्यावरून निसटून जातं. पडदा आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने पक्का केला तर टिकतं. बँड दिसला नाही म्हणून प्रथिन नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांना इथे शुद्ध प्रथिनाची ज्ञात मात्राच वाचवते, कारण तीही निसटलेली दिसते. आणि १२९ व्या सेरिनवरचं फॉस्फेट ओळखणारं ८१-ए हे प्रतिपिंड न्यूरोफिलामेंटच्या हलक्या भावंडावरच्या फॉस्फेटलाही चिकटतं, असं गेल्या दशकात दिसून आलं. १९८७ चा धडा नव्या पात्रांनिशी पुन्हा गिरवावा लागला.

आता एका जुन्या सवयीबद्दल. अनेक वर्षं निबंधांत एक वाक्य हमखास असे: प्रतिपिंड आधी त्याच्या पेप्टाइडमध्ये मिसळून घेतलं तेव्हा रंग नाहीसा झाला, म्हणजे ते विशिष्ट आहे. ज्या छोट्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंड बनवलं, तोच तुकडा भरपूर मिसळला की प्रतिपिंडाच्या सगळ्या जागा भरतात आणि ते कुठेच चिकटत नाही. खरी जागाही सुटते आणि खोटीही. एरिथ्रोपोएटिन ग्राहीबद्दल हेच घडलं. रक्त वाढवणारं हे संप्रेरक मेंदूलाही वाचवतं का, यावर मोठं संशोधन चाललं होतं, आणि चेतापेशींत त्याचा ग्राही दाखवणारी छायाचित्रं एका लोकप्रिय प्रतिपिंडाने मिळवलेली होती. २००६ मध्ये एलियट आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा ६६ किलोडाल्टनचा तो ठळक बँड ग्राहीचा नव्हता. तो उष्णतेच्या ताणात वाढणाऱ्या एचएसपी-७० या प्रथिनाचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला हा प्रकार, आणि पेप्टाइडची चाचणी त्याला अडवू शकत नाही. ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’चे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी २००३ मध्ये सॉचेन्को यांच्यासह आणि २००५ मध्ये वाचकांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात याबद्दल स्पष्ट नियम घातले: प्रतिपिंड कशाविरुद्ध बनवलं, ब्लॉटवर त्याने काय दाखवलं, आणि जनुक काढलेल्या प्राण्यात त्याने काय दाखवलं, हे लिहिल्याशिवाय निबंध घेणार नाही. एका नियतकालिकाने असा हट्ट धरणं सोपं नव्हतं; लेखक दुसरीकडे जाऊ शकत होते. तरी त्यांनी तो धरला, आणि या क्षेत्रावर त्यांचे उपकार आहेत.

जनुक काढलेला प्राणी, म्हणजे नॉकआउट, हा अनुपस्थितीचा पुरावा. निकोटिनिक ग्राहींच्या बाबतीत त्याने जे दाखवलं ते अस्वस्थ करणारं होतं. आल्फा-७ उपघटक नसलेल्या उंदरांचे मेंदूचे काप २००४ मध्ये तपासले गेले तेव्हा रंग जसाच्या तसा आला. २००७ मध्ये मोझर आणि सहकाऱ्यांनी या घराण्यातल्या इतरही उपघटकांची प्रतिपिंडं पारखली आणि बहुतेकांची तीच गत निघाली. निकोटिनचं व्यसन, स्मृती, स्किझोफ्रेनिया या विषयांवरची त्याआधीची कित्येक सुंदर रंगीत छायाचित्रं नेमकी कशाची होती, हे आता कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. कॅनॅबिनॉइड ग्राहींचंही असंच. सीबी-१ ग्राही चेतापेशीच्या मायटोकॉन्ड्रियावरही असतो का, या वादात २०१३ मध्ये दाखवलं गेलं की वापरातली काही प्रतिपिंडं मायटोकॉन्ड्रियातल्या एका वेगळ्याच, स्टोमॅटिनसारख्या प्रथिनाला धरतात.

नॉकआउट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगायला हवं. जनुकाचा एखादा भाग काढलेला असतो, आणि उरलेल्या भागातून कधी कापलेलं प्रथिन बनत राहतं. प्रतिपिंड त्या उरलेल्या टोकाविरुद्ध असेल तर नॉकआउटमध्येही खरा बँड येईल, फक्त थोडा खाली. अशा वेळी शुद्ध प्रथिनाचे तुकडे कामाला येतात, कारण प्रतिपिंड नेमकं कुठे बसतं ते तुकड्यांवरून ठरवता येतं आणि मगच नॉकआउटचा निकाल वाचता येतो. २०१६ मध्ये उलेन आणि सहकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पारखण्याचे पाच मार्ग मांडले: जनुक काढून किंवा दाबून पाहणं, प्रतिपिंडाशिवायच्या दुसऱ्या मापनाशी जुळवणं, दोन वेगळ्या जागांवर बसणारी प्रतिपिंडं ताडून पाहणं, टॅग लावलेलं प्रथिन पेशीत बनवून तुलना करणं, आणि प्रतिपिंडाने पकडलेलं प्रथिन वस्तुमान-वर्णपटाने ओळखणं. सगळेच प्रत्येक वेळी शक्य नसतात. पण यातला एकही न करता प्रतिपिंड वापरायला आता सबब उरलेली नाही.

या बाबतीत चेताविज्ञानाने गेल्या वीस वर्षांत स्वतःहून काही उभं केलं, ते नमूद करताना मन भरून येतं. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात जेम्स ट्रिमर यांच्या पुढाकाराने न्यूरोमॅब ही सुविधा सुरू झाली. तिथे नव्या प्रतिपिंडांची चाळणी नुसत्या टोचलेल्या प्रथिनावर करत नाहीत. तेच लक्ष्य बनवणाऱ्या आणि ऊतीसारख्याच पद्धतीने पक्क्या केलेल्या पेशींवरही त्याच वेळी करतात. ऊतीत काम करायचं आहे तर चाचणीही ऊतीसारख्या अवस्थेत, इतका साधा हा विचार. त्यांची प्रतिपिंडं विनानफा तत्त्वावर कुणालाही मिळतात.

दुसरा प्रयत्न मॉन्ट्रियलचा. कंपवातासारखे चालीचे विकार किंवा स्नायू दुबळे करणारा एएलएस यांच्या मुळाशी असलेली प्रथिनं एकेक करून घ्यायची, ज्या पेशीत ते प्रथिन भरपूर आहे ती शोधायची, क्रिस्परने तिचं नॉकआउट भावंड बनवायचं, आणि बाजारात मिळणारी सगळी प्रतिपिंडं दोन्ही पेशींवर शेजारी-शेजारी लावायची. मॅकगिल विद्यापीठातल्या पीटर मॅकफर्सन, कार्ल लाफ्लाम आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुरुवात केली ती सी-९-ओआरएफ-७२ या प्रथिनापासून. त्याच्या जनुकातला बदल हे एएलएसचं सर्वांत मोठं आनुवंशिक कारण. गाजलेल्या निबंधांत वापरलेली काही प्रतिपिंडं हे प्रथिन ओळखतच नव्हती. चांगल्या प्रतिपिंडांनी पाहिल्यावर ते लायसोसोम आणि फॅगोसोमवर सापडलं. २०२३ मध्ये त्यांनी ६५ चेताविज्ञानीय प्रथिनांसाठीच्या ६१४ प्रतिपिंडांचे निकाल प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडं एका तरी चाचणीत नापास झाली. दर प्रथिनामागे सरासरी १२ निबंध असे निघाले की ज्यांत लक्ष्य न ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची माहिती होती. जनुकीय क्रम ठाऊक असलेली रिकॉम्बिनंट प्रतिपिंडं मोनोक्लोनल आणि पॉलिक्लोनल (अनेक साच्यांच्या) दोहोंपेक्षा सरस ठरली. आणि उत्पादक कंपन्यांनी हे निकाल पाहून नापास प्रतिपिंडांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढली, सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या.

मोनोक्लोनल प्रतिपिंड आपोआप एकनिष्ठ असतं ही समजूतही आता सोडायला हवी. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा, म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवणारे पेशीसमूह, तपासले गेले तेव्हा जवळजवळ ३२ टक्क्यांत एकापेक्षा जास्त प्रतिपिंड-साखळ्या बनत होत्या.

इथवर प्रयोगशाळेची गोष्ट झाली. पण हाच प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशीही येतो, फक्त उलट्या बाजूने. तिथे प्रतिपिंड रुग्णाच्या रक्तातलं असतं, आणि ते आहे का हे ठरवायला प्रयोगशाळा जे प्रथिन समोर ठेवते, तेच निदान ठरवतं. मॉग हे चेतातंतूंच्या मायलिन आवरणाच्या बाहेरच्या थरावरचं प्रथिन. २००३ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने १०३ रुग्णांच्या अभ्यासावरून लिहिलं की मज्जातंतूंच्या पहिल्या झटक्यानंतर रक्तात मॉगविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर मल्टिपल स्क्लेरोसिस लवकर पक्का होतो. २००७ मध्ये ४६२ रुग्णांच्या अभ्यासात तो संबंध सापडला नाही. दोन्ही अभ्यासांत मॉग वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे घडी मोडलेल्या अवस्थेत, दाखवलं गेलं होतं. जिवंत मानवी पेशींच्या पृष्ठभागावर अख्खं, नीट घडीचं मॉग उभं केल्यावर चित्र पालटलं. खरी प्रतिपिंडं सापडली ती वेगळ्याच रुग्णांत: मुलं, दृष्टिचेतेची सूज आलेले, मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आलेले. आज तो मल्टिपल स्क्लेरोसिसपासून वेगळा, स्वतंत्र उपचारांचा आजार मानला जातो, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत पेशींवरच्या चाचणीला मध्यवर्ती स्थान आहे. पुण्या-मुंबईतल्या चेताविकारतज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णाच्या अहवालावर आता ‘सेल-बेस्ड’ असा शब्द छापलेला असतो, तो यामुळे. नातेवाइकांनी तो शब्द अहवालावर आहे का, ते डॉक्टरांना जरूर विचारावं.

न्यूरोफिलामेंटचं वर्तुळही याच वाटेने पूर्ण होतं. त्याचं हलकं भावंड आज रक्तात मोजतात. चेतातंतू तुटले की ते रक्तात वाढतं. २०२३ मध्ये अमेरिकेत एएलएसच्या एका प्रकारावरचं टोफर्सेन हे औषध मंजूर झालं, ते मुख्यतः या प्रथिनाच्या घसरणीच्या आधारावर. ही मोजणी करणारी चाचणी प्रतिपिंडांच्या ठरावीक जोडीवर उभी आहे. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका गटाने शुद्ध न्यूरोफिलामेंटचे तुकडे करून ती जोडी नेमकी कुठे बसते ते पाहिलं आणि मग तीच प्रतिपिंडं मेंदूच्या कापावर लावली. निरोगी तंतूंना ती जवळपास शिवली नाहीत. ढासळत चाललेल्या तंतूंवरच चमकली. त्यांची जागा निरोगी तंतूच्या आत झाकलेली असते आणि तंतू विघटित होऊ लागल्यावरच उघडी पडते. इतकी वर्षं वापरात असलेल्या चाचणीबद्दल ही नवी माहिती मिळाली ती तुकड्यांत बनवलेल्या साध्या कंट्रोल प्रथिनांमुळे.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक तक्रार नेहमी ऐकू येते. प्रतिपिंडाचीच कुपी महाग, ती कोरड्या बर्फात परदेशातून येणार, अनुदानाचे पैसे तिच्यात संपणार. मग कंट्रोल प्रथिन आणि नॉकआउट ऊती कुठून आणायची? तक्रार खरी आहे. पण शुद्ध प्रथिन स्वतः बनवणं हे काही फार दूरचं काम नाही. प्लास्मिडं विनानफा भांडारांतून मिळतात, ई. कोलाय प्रत्येक जैवतंत्रज्ञान विभागात वाढतो, आणि एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत मुलं प्रथिन बनवून निकेलच्या स्तंभातून गाळायला शिकतातच. तेच प्रात्यक्षिक टाऊ किंवा आल्फा-सिन्युक्लिनवर केलं आणि छोट्या मात्रांत गोठवून ठेवलं, तर एका विभागाच्या कित्येक वर्षांच्या ब्लॉटना पुरेल इतका कंट्रोल मिळतो. एकदा वितळलेली मात्रा पुन्हा गोठवायची नाही, एवढी शिस्त पाळायला हवी. मानवी ऊतीसाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदू-ऊतींची पेढी आहे. मृत्यूनंतर मेंदू दान करणाऱ्या कुटुंबांनी दिलेली ती ठेव आहे. तिचा एकेक काप योग्य कंट्रोलशिवाय वाया घालवणं मला तरी असह्य वाटतं.

मात्र मानवी मेंदूच्या कापावर एक प्रश्न अजून सुटलेला नाही. उंदराचा जनुक काढता येतो, पेशीचा काढता येतो. माणसाचा काढता येत नाही, आणि फॉर्मॅलिनमध्ये पक्क्या झालेल्या कापावर शुद्ध प्रथिन ओतून चाचणी होत नाही. म्हणून जाणती माणसं कापाच्या आतच कंट्रोल शोधतात. न्यू-एनचं सगळ्यांत चांगलं कंट्रोल असंच मिळतं. लहान मेंदूच्या कोणत्याही कापात दाणेदार पेशींचा दाट थर गडद रंगतो, आणि त्याच्या काठावर ओळीने उभ्या असलेल्या मोठ्या पुरकिंजे पेशी, त्याही चेतापेशीच, कोऱ्या राहतात, कारण फॉक्स-३ त्यांच्यात नसल्यातच जमा असतं. काप पाहायला घेतला की आधी ती ओळ शोधायची. ती रंगलेली दिसली, तर काप बाजूला ठेवायचा आणि कुपीवरचा लॉट क्रमांक टिपून घ्यायचा.